भाचीला शातो घ्यायचा होता: फ्रान्सच्या क्रूझ जिल्ह्यातले सहा दिवस

आधीच सांगते, घर मी घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. भाची लियोंला असते, १२ वर्षं झाली, नवरा तिथलाच. दोघांच्या डोक्यात गेली दोन वर्षं एकच, फ्रान्सच्या खेड्यात शातो, म्हणजे गढीसारखं जुनं मोठं घर घ्यायचं, चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि नोकरीतून हळूहळू बाहेर पडायचं. मोबाईलवर जाहिराती बघून बघून वेड लागलेलं. सोळा खोल्या, बुरूज, चार हेक्टर जमीन, आणि किंमत दोन लाख पंधरा हजार युरो, म्हणजे पुण्यात कोथरूडला बरा थ्री बीएचके येतो तेवढ्यात. मी म्हणलं एवढं स्वस्त असेल तर कुठेतरी गळत असणार. ती म्हणली, म्हणूनच तू ये मावशी, ३१ वर्षं पीडब्ल्यूडीत काढलीस ना. दिवाळी तिच्याकडेच केली आणि फराळाचे डबे गाडीत टाकून निघालो.

पहिला दिवस, गुरुवार

भाऊबीज होती. भाऊ वाईला आणि मी लियोंला, व्हिडिओ कॉलवरच ओवाळलं, स्क्रीनला कुंकू लागलं ते जावयाने गुपचूप पुसलं. लियोंहून ओब्युसों, म्हणजे आम्हाला जायचं होतं ते गाव, तीन तासांच्या आतबाहेर. वाटेत क्लेरमाँ-फेराँ, तिथे पुई द दोम नावाचा झोपलेला ज्वालामुखी दिसतो, १४६५ मीटर, आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडासाच उंच. आम्हाला त्याचे फक्त पाय दिसले, वर सगळा ढग.

क्लेरमाँ मागे पडलं की गावं एकदम गप्प होतात. दगडी घरं, बंद झडपा, चार-पाच घरं सोडली की विकाऊ असल्याची पाटी. हा क्रूझ जिल्हा, फ्रान्समधल्या सगळ्यात स्वस्त घरांच्या भागांपैकी एक, आणि स्वस्त का ते जावयाने गाडीतच सांगितलं. १८५१ मध्ये इथे दोन लाख ८७ हजार माणसं होती, आता साधारण सव्वा लाखाच्याही आत. इथले गवंडी दर वसंतात पायी पॅरिसला जायचे, हिवाळ्यात परत यायचे, १९ व्या शतकात पॅरिस नव्याने बांधलं गेलं त्यात ह्यांचे हात फार. मग रेल्वे आली, परत येणं कमी झालं, मागून बायकापोरं गेली. त्यातलाच एक गवंडी, मार्तँ नादो, पुढे खासदार झाला. मला आमच्या पाटण-जावळीची आठवण आली, माथाडी कामाला मुंबईला गेलेली माणसं आणि गावात कुलपं.

उतरलो एका आजींच्या घराच्या अर्ध्या भागात. मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून मी वाटेत दुकानाबाहेर मांडलेली सुंदर पिवळी शेवंतीची कुंडी घेतली होती. सगळीकडे शेवंतीच शेवंती होती, वाटलं इथेही दिवाळीच चाललीय. आजींनी दार उघडलं, कुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि जावई कानापर्यंत लाल. फ्रान्समध्ये शेवंती १ नोव्हेंबरला कबरीवर ठेवतात! आजी मात्र खळखळून हसल्या, म्हणल्या बरं झालं, नवऱ्यासाठी आणायची होतीच, माझे पैसे वाचले. नंतर सहा दिवस त्या मला बघून हसत होत्या.

रात्री त्यांनी बटाट्याची भरलेली पेस्ट्री खायला घातली. वर-खाली पेस्ट्री, आत पातळ बटाट्याच्या चकत्या, पार्सली, लसूण, आणि शेवटी वरच्या भोकातून ओतलेली घट्ट साय. बरेच जण ह्यात मांस घालतात, म्हणून शाकाहाऱ्यांनी आधीच विचारायचं. मी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा नको म्हणताना फार जड गेलं.

दुसरा दिवस, शुक्रवार

सोळा खोल्यांचं घर. धुकं एवढं की फाटकातून आत गेल्यावर घर हळूहळू बाहेर आलं, भाची तिथेच पाघळली. दारावरच्या दगडात १७८३ कोरलेलं. समोरच्या भिंतीत दोन खिडक्या दगडाने बुजवलेल्या, एजंट म्हणाला खिडकीपट्टीमुळे. ही मात्र खरी गोष्ट आहे, १७९८ पासून १९२६ पर्यंत फ्रान्समध्ये दारं-खिडक्या मोजून कर घ्यायचे, लोकांनी खिडक्याच बुजवल्या.

एजंटला दिवाणखान्यातली शेकोटी दाखवायची होती, मी म्हणलं आधी माळा. घर वरून खाली बघायचं, वास्याला स्क्रू-ड्रायव्हर टोचत. तुळईत लांबट भोकं होती, म्हणजे मोठा भुंगा, आणि बारीक गोल भोकं म्हणजे छोटा किडा. नुसती भोकं असली तर फारसं घाबरायचं नाही, जुनी असू शकतात. पण खाली ताजा पिवळा भुसा पडलेला होता आणि स्क्रू-ड्रायव्हर दोन बोटं आत गेला.

तरी खरं दुखणं खाली निघालं. ग्रॅनाइटच्या भिंती मूळ चुना-मातीत बांधलेल्या, आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी बाहेरून दगडांमधल्या सगळ्या दरजा सिमेंटने भरलेल्या, बघायला एकदम चकाचक. आमच्याकडे वाड्यांना करतात तेच पाप. जुनी भिंत जमिनीतली ओल ओढते आणि चुन्यातून सोडून देते, सिमेंटने तोंड बंद केलं की ती ओल आत वळते आणि लाकडात जाते. उत्तरेच्या खोलीत दार उघडल्याबरोबर अळंब्यांचा वास. फरशीची फळी उचलली तर खाली कापसासारखे पांढरे धागे, तपकिरी गंजासारखी पूड, आणि लाकूड हाताने चौकोनी तुकड्यांत मोडतंय. जावई एकच शब्द बोलला, मेर्यूल. ही बुरशी भिंतीतून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. एजंट म्हणाला थोडंसं रिफ्रेश करावं लागेल. मी भाचीला मराठीत सांगितलं, ह्याच्या घरी जाऊन ह्यालाच रिफ्रेश कर.

काही कामाच्या गोष्टी इथेच सांगते. विक्रेत्याला तपासण्यांची फाईल द्यावीच लागते: ऊर्जेचा दर्जा ए ते जी, १९४९ च्या आधीच्या घरात शिसं, जुलै १९९७ च्या आधी परवाना मिळालेल्या घरात ॲस्बेस्टॉस, वायरिंग आणि गॅस १५ वर्षांपेक्षा जुने असतील तर त्यांचीही तपासणी. वाळवीचा रिपोर्ट मात्र सरकारने जाहीर केलेल्या भागातच लागतो आणि ह्या बुरशीची तपासणी सगळीकडे सक्तीची नाही, म्हणजे फाईल जाडजूड असली तरी सगळं त्यात असतंच असं नाही. तेलावर चालणारा बॉयलर असेल तर अजून एक, जुलै २०२२ पासून नवीन तेलाचा बॉयलर बसवता येत नाही, जुना दुरुस्त करून चालवायचा किंवा पद्धतच बदलायची. आणि छपराचा हिशेब स्वतः करा. जावयाने तिथल्या कौलारूंना फोन करून अंदाज घेतलेला, चौरस मीटरला दीड-दोनशे युरो, परांची वेगळी. ह्या घराचं छप्पर पाचशे चौरस मीटर. गुणाकार करा आणि मग दोन लाख पंधरा हजाराकडे परत बघा.

तिसरा दिवस, शनिवार

हे खरं शातो. एक गोल बुरूज, पायऱ्या मधून झिजलेल्या, आणि अंगणात कबुतरखाना, आपल्या गावच्या देवळाएवढा मोठा. क्रांतीच्या आधी बऱ्याच भागांत कबुतरखाना ठेवायचा मान फक्त जहागीरदारांना होता, कबुतरं रयतेचं पेरलेलं खायची आणि रयतेला त्यांना हात लावता यायचा नाही, ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री इतर मानपानाबरोबर हाही मान गेला. म्हणजे जाहिरातीत गोंडस दिसतो तो हा.

घराचा दर्शनी भाग आणि छप्पर ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत होतं. यादीचे दोन प्रकार असतात, वरचा कडक आणि हा त्याच्या खालचा, पण ह्यालाही खिडकीची चौकट बदलायची तरी सरकारी वास्तुतज्ज्ञाच्या नजरेखालून जावं लागतं. उलट बाजूने कामासाठी अनुदान मागता येतं आणि करात सवलत मिळू शकते. आणि आपलं घर यादीत नसलं तरी अशा वास्तूपासून साधारण ५०० मीटरच्या आत असलं तर बाहेरच्या कामाला हीच साखळी लागते, हे बऱ्याच जणांना घर घेतल्यावर कळतं.

पण मी जास्त वेळ घालवला तो माणसांत. मालक पाच भावंडं, आईवडील गेल्यावर सगळं एकत्र. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्यापासून तिकडे सगळ्या मुलांना वाटा असतोच, बापाला वाटलं म्हणून एकालाच सगळं देता येत नाही, तीन किंवा जास्त मुलं असली तर तीन चतुर्थांश मालमत्ता मुलांसाठी राखीव. त्यामुळे असली घरं पिढीगणिक तुकड्यांत, आणि विकायचं तर साधारणपणे सगळ्यांच्या सह्या. दोन तृतीयांश हिस्सेदार नोतेरमार्फत, म्हणजे मालमत्तेचे दस्त करणाऱ्या तिथल्या वकिलामार्फत, कोर्टाची वाट धरू शकतात, ती सोय २००९ मध्ये झाली, पण त्यात वेळ जातो आणि नाती जातात. आमच्या वाईच्या वाड्याच्या सिटी सर्व्हे उताऱ्यावर १९ नावं आहेत, त्यातली चार माणसं हयात नाहीत आणि एक कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे मला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

थोरला भाऊ घर दाखवत होता, तो विकायला एका पायावर तयार. सही अडवून बसलेली बहीण स्वयंपाकघरात अक्रोड फोडत बसलेली, साठीची असेल, बुटांना चिखल. भाऊ हळू आवाजात म्हणाला, तिचा जीव अडकलाय घरात, भावनिक आहे. मी फराळाचा डबा घेऊन तिच्यासमोर बसले. चकली तिने आधी फिरवून बघितली, मग एक खाल्ली, मग अजून तीन. जावई मध्ये बसून भाषांतर करत होता. आणि तिचं म्हणणं अगदी कोरडं होतं. म्हणली, अकरा वर्षं ह्या घराची घरपट्टी मी भरतेय, वादळात उडालेली कौलं मी बसवून घेतली, सगळ्या पावत्या त्या डब्यात आहेत, विकल्यावर आधी हे पैसे वेगळे काढा आणि मग पाच भाग करा. भाऊ म्हणतात तू इथे राहिलीस ते फुकट का! कायद्याने ती असा खर्च मागू शकते असं पुढे मंगळवारी नोतेरबाईंनी सांगितलं.

मी गाडीत बराच वेळ गप्प होते. वाईच्या वाड्याची घरपट्टी आमचा भाऊ भरतो. किती भरतो, मी कधी विचारलेलं नाही, आणि दोनच दिवसांपूर्वी त्याच्याकडून ओवाळणी घेतली होती, जीपेवर.

भाचीला हे घर फार आवडलं. मी म्हणलं आवडू दे, पण डब्यातल्या पावत्यांचा निकाल लागेपर्यंत इथे एक युरो अडकवायचा नाही.

चौथा दिवस, रविवार

रविवारी तिकडे सगळं बंद, हे माहीत असूनही आम्ही उपाशी राहिलो. त्या भागात दुपारचं जेवण बारा ते दीड, आम्ही सव्वादोनला पोचलो, मालकीण म्हणाली स्वयंपाकघर बंद. हात जोडले तरी बंद. वर सकाळची फजिती वेगळीच, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार म्हणजे घड्याळं एक तास मागे जातात, मोबाईल आपोआप बदलला पण जावयाचं मनगटी घड्याळ नाही, आणि आम्ही त्याच्या भरवशावर. आजींनी ओळख काढून दिलेल्या शेजारच्या गावच्या मेयरच्या दारात एक तास आधी हजर. मेयर पायजम्यात. पण माणूस गोड, कॉफी दिली, आणि सोमवारी जे घर बघणार होतो त्याबद्दल एजंटने न सांगितलेल्या दोन गोष्टी सांगितल्या: मागच्या जमिनीत एका शेतकऱ्याची गुरं चरतात, आणि सेप्टिक टँक नापास आहे. घर बघायच्या आधी त्या गावच्या मेयरला किंवा मेरीत, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीत, नक्की भेटा. छोट्या गावात मेरी आठवड्यातून दोन-तीन अर्धे दिवसच उघडी असते, आणि आत शिरताना बोंजूर आधी, काम नंतर. बोंजूर विसरलात तर कामही विसरा.

दुपारी जांत्यूला गेलो. फ्रान्सच्या जवळजवळ प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धाचं स्मारक असतं, पण इथे सैनिकाचा पुतळा नाही, एक अनाथ शाळकरी पोरगा मूठ उगारून उभा आणि खाली कोरलंय, युद्धाला शाप असो. गावातल्या मेलेल्यांची नावं शेजारी, एकेका आडनावाची तीन-तीन. साताऱ्याकडची आपशिंगेसारखी गावं मला लहानपणापासून माहीत आहेत, तिथली पोरं ह्याच युद्धात गेलेली. पावसाची भुरभुर होती, कुणी काही बोललं नाही. लांबून बंदुकीचे बार ऐकू आले तेव्हा मी दचकलेच, तर शिकारी निघाले होते, रविवार म्हणून. शरद-हिवाळ्यात तिकडे जंगलात फिरायचं तर भडक रंगाचं काहीतरी अंगावर घाला.

संध्याकाळी आजींनी चुलीत चेस्टनट भाजले. फणसाच्या आठळ्यांची चव, अगदी तीच, मीठ लावून.

पाचवा दिवस, सोमवार

हे घर बघून भाचीचा चेहराच पडला. बुरूज नाही, कबुतरखाना नाही. पॅरिसला ठेकेदारीत पैसा करून परत आलेल्या एका गवंड्याने १९ व्या शतकात बांधलेलं सरळ चौकोनी दुमजली घर, नऊ खोल्या, एक लाख ६८ हजार. मी मात्र माळ्यावर गेले आणि खालीच येईना. छपराच्या कैच्या सरळ रेषेत, लाकूड कोरडं, पाखाडीला कुठे पोट नाही. वर स्लेट, नऊ वर्षांपूर्वी बदललेली, बिलासकट. तिकडे अशा कामाला ठेकेदाराचा दहा वर्षांचा विमा असतो, म्हणजे एक वर्ष अजून शिल्लक. बिलं मागाच, बिल नसेल तर ते काम झालेलंच नाही असं धरा. दरजा चुन्याच्या. गवंड्याने स्वतःसाठी बांधलेलं घर ते, अजून काय पाहिजे.

दोष आहेतच. सेप्टिक टँक नापास असेल तर घेणाऱ्याला खरेदीनंतर एका वर्षात तो नियमात बसवावा लागतो, ते पैसे किमतीतून आधीच कापून मागायचे. आणि ती गुरं! तांबूस, मऊ डोळ्यांची लिमूझँ गाई, मला फार आवडल्या, पण शेतकऱ्याने जमीन खंडाने धरलेली असली तर नुसत्या तोंडी बोलीलाही कायदा मानतो, त्याला सहजासहजी काढता येत नाही, आणि विक्रीच्या वेळी पहिला हक्क त्याचा निघू शकतो. आमच्याकडे कूळकायद्याने भले भले जमीनदार गार झाले तेच हे. तो शेतकरी तिथेच भेटला, म्हणाला मला जमीन विकत नकोय, चरू द्या म्हणजे झालं. भाचीला म्हणलं हे कागदावर घे.

शेजारी एक म्हातारे गवंडी राहतात, रिटायर्ड. मी भिंतीवर हात फिरवताना बघून कुंपणापलीकडून काहीतरी ओरडले. जावई म्हणाला, विचारतायत ही बाई कोण, हिला चुना कळतो का. मग पाऊण तास आम्ही दोघं एकमेकांची भाषा न कळता बोलत होतो. त्यांनी खिशातून खिळा काढून दरजेत टोचून दाखवला, मी मोबाईलवर वाईच्या वाड्याची भिंत दाखवली. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि सिमेंटच्या पट्ट्यावर बोट ठेवून नाक मुरडलं. तो पट्टा आमच्या भावाने मारलाय.

सहावा दिवस, मंगळवार

नोतेरबाईंकडे. नोतेरच्या ऑफिसबाहेर सोनेरी लंबगोल पाटी असते, ती दिसली की समजायचं. हा आपल्या नोटरीसारखा शिक्का मारून मोकळा होणारा माणूस नाही, सरकारी अधिकाराचा वकील समजा, मालकी, कर्ज, वारस सगळं तोच तपासतो. घेणारा आणि विकणारा दोघांचे वेगळे नोतेर असू शकतात, फी वाढत नाही, तेच आपसात वाटून घेतात. जुन्या घराला किमतीवर अजून ७-८ टक्के धरा, त्यातला मोठा भाग सरकारी कर.

क्रम असा: आधी ऑफर, मग कोंप्रोमी नावाचा प्राथमिक करार, साधारण ५ ते १० टक्के रक्कम नोतेरच्या खात्यात, मग घेणाऱ्याला १० दिवस विचार बदलायची मुभा, कारण न देता. विकणाऱ्याला ही मुभा नाही. त्यानंतर अंतिम सहीपर्यंत तीनेक महिने. कर्ज मिळालं नाही तर करार रद्द, अशा अटी कोंप्रोमीतच घालायच्या, नंतर नाही. शेतजमीन असेल तर साफेर नावाच्या संस्थेला कळवावं लागतं, त्यांना ती आधी घ्यायचा हक्क असतो आणि उत्तराला दोन महिने. फ्रेंच येत नसेल तर सहीच्या वेळी दुभाषा घ्यावाच लागतो, अख्खा दस्त मोठ्याने वाचतात.

भारतातून पैसे लावायचा विचार असणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण भाचीच्या बाबांना थोडे घालायचे होते: रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यात परदेशातलं घरही बसतं. पण घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. शेंगेनचे १८० दिवसांत ९० दिवस तेच राहतात, स्वतःच्या शातोत असलात तरी.

निघताना आजींकडे परत गेलो. शेवंती खिडकीतच होती, शनिवारी नेणार म्हणल्या. चेस्टनटची पिशवी दिली, ती मी साताऱ्यापर्यंत आणली, अर्धे किडके निघाले.

परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात फोन आला. चौकोनी घराला एक लाख ४९ हजारांची ऑफर दिली होती, एक लाख ५५ ला जमलं, कोंप्रोमी झाला, दहा दिवसही उलटले, आता साफेरच्या उत्तराची वाट. शातोवाल्या बहिणीने जावयाला मेसेज करून चकलीची रेसिपी मागितलीय, घराचं काय झालं ते लिहिलेलं नाही. आमचा भाऊ म्हणतो घरपट्टीचा आकडा कशाला पाहिजे तुला, मी म्हणलं सांग तर खरं.

काल रात्री भाची विचारत होती, मावशी, चुन्यात गूळ किती घालायचा, आणि बेलफळ तिकडे मिळत नाही तर काय. म्हणलं अगं बाई, कुंपणापलीकडे ते म्हातारे आहेत ना खिसा भरून खिळे घेऊन, त्यांना विचार, आणि जाताना चिवडा घेऊन जा.